काचेवर उमटलेली जाळी

दुर्गा मडावी चंद्रपूरच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस. गाव धानोऱ्याकडचं, शिक्षण बारावी. पण काचेवर पॉलिमरचा पातळ थर एकसारखा बसवावा तो तिनंच, असं तिथं संशोधन करणारी दिव्यानी सगळ्यांना सांगायची. त्या थरावर एका ठरावीक दिशेचा प्रकाश टाकला की थराचे रेणू वळतात, आणि वर भरलेलं लिक्विड क्रिस्टल त्यांच्यामागोमाग रांगेत लागतं. "धानाच्या रोवणीले दोरी धरतेत ना, तसा हा उजेड," दुर्गा म्हणायची. म्हणून खोलीत दुसरा उजेड नको. काळे पडदे, आत लाल दिवा.

सोमवारी सकाळी पाहुणे आले. फोटो अंधारे येतात म्हणून विभागप्रमुखांनी पडदे उघडायला लावले.

"सर, खिडकीपाशी काचा ठेवल्या हायेत," दुर्गा म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस."

दहा मिनिटं काचांवर ऊन पडलं. दुपारी दिव्यानीनं त्यांत लिक्विड क्रिस्टल भरलं, आणि तीन महिन्यांची मेहनत वाया गेल्याचं कळलं. संध्याकाळी दुर्गाला नोटीस मिळाली: काचा निष्काळजीपणे व्हरांड्यात ठेवल्या, चूक कबूल करून सही करावी.

दुसऱ्या दिवशी ती एक काच घेऊन थेट सरांच्या केबिनमध्ये गेली. दिव्यानी तिथंच होती, मान खाली घालून. तिची पीएचडी सरांच्या हातात.

"मी सही नाई करत."

"तुला यातलं काय कळतं?"

दुर्गानं काच सोबत आणलेल्या, रेणूंची रांग दाखवणाऱ्या दोन पोलरॉइड पट्ट्यांच्या मध्ये धरून उजेडाकडे केली. डागाळलेल्या काचेवर चौकोनी जाळी दिसत होती. जाळीच्या सावलीखालचा थर तेवढा शाबूत राहिला होता.

"हे दिसून राह्यलं का? व्हरांडा तं सारा खुल्ला हाय. तिथी जाळी कुठी हाय? ही आपल्या खोलीच्या खिडकीची हाय. पडदा उघडाले कोनं सांगतलं?"

सर म्हणाले, "ठीक आहे, नोटीस मागे घेतो. विषय संपला."

"नाई संपला. मले लिहून पायजे."

"नोकरी करायची आहे ना?"

"चोरी नाई केली मी, भ्याले!" तिचा आवाज बाहेरच्या मुलांनी ऐकला. सरांनी 'नोटीस रद्द' एवढंच लिहिलं. चूक कोणाची, ते नाही. दुर्गानं उरलेलं आपल्या अर्जात लिहिलं आणि काचेसकट प्राचार्यांकडे दिलं.

जिन्यात दिव्यानीनं तिला गाठलं. "दुर्गाताई, सॉरी."

"मले कायले सांगतेस?" दुर्गा थांबली नाही. "आत बोलाचं होतं."