यानातली पाण्याची टाकी

मी अंतराळयानांची चित्रं काढते. हे वाक्य शहापूर तालुक्यात कुणाला सांगून बघा. समोरचा माणूस थोडा वेळ तुमच्याकडे बघतो, मान हलवतो आणि मग काळजीने विचारतो, "ते बरोबर, पन कामाला कुठं जाता?"

नव्वदच्या दशकात मुंबईतल्या एका प्रकाशकाने मुलांसाठी विज्ञानकथांची माला सुरू केली. तिची चित्रं माझ्याकडे आली, कारण आधीचा चित्रकार प्रत्येक यान दिवाळीतल्या रॉकेटसारखं काढायचा, फक्त खाली बाटली दाखवायची बाकी ठेवायचा. वडील वाशिंदला कारखान्यात होते. त्यांनी मला एक वर्षाची मुदत दिली होती. "वरसभरात ह्यातून काय झालं नाय, त डी.एड.ला जायचं," असं त्यांनी सांगून टाकलं. डी.एड.च्या मागे मुरबाडचं एक स्थळही दबा धरून बसलेलं होतं. मुलगा बँकेत होता आणि त्याच्या आईला भाकऱ्या गोल लागत. आमची मुलगी वर्तुळं फार छान काढते, असं मावशीने तिकडे परस्पर कळवूनही टाकलं होतं. त्यामुळे ही माला हातची गेली तर माझं पुढे काय होणार, हे मला चांगलंच ठाऊक होतं.

पहिलं चित्र घेऊन मी संपादकांकडे गेले. ते अत्यंत सज्जन, हळू बोलणारे गृहस्थ होते. शिपायाने माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. पाणी ओळखीचं होतं, आमच्या गावामागच्या डोंगरापलीकडच्या धरणातलं. गावात आमची भेट क्वचितच व्हायची.

"यान छान आहे," संपादक म्हणाले. "पण हे पोट कसलं काढलंय?"

"पाण्याची टाकी आहे, सर."

"एवढी मोठी? अहो, ही तेविसाव्या शतकातली कथा आहे. तोपर्यंत पाण्याचा प्रश्न सुटलेला असेल."

"कसा?"

"ते लेखक बघतील."

लेखकांनी काहीही बघितलेलं नव्हतं. त्यांचा कप्तान पहिल्याच पानावर आंघोळ करून टॉवेलने डोकं पुसत बाहेर येत होता, आणि तेही पृथ्वीपासून कोट्यवधी मैलांवर. माझी अडचण अशी की मला कुणाला यानात बसवायचं म्हटलं की आधी पाणीच दिसायचं. मार्चपासून आमच्या विहिरीचा तळ उघडा पडायचा. मग टँकर यायचा, किंवा येणार अशी बातमी यायची, आणि बायका हंडे ओळीत लावून बसायच्या. त्या ओळीत बसून मी कितीतरी यानं आखली आहेत. इंजिन मी सगळ्यात शेवटी काढायचे. इंजिन बंद पडलं तर माणसं थांबतील, त्यात काय मोठंसं. आमची एसटी रोजच बंद पडायची.

"टाकी विद्रूप दिसते," संपादक शेवटी फार मृदू आवाजात म्हणाले. "ती काढून टाका. नाहीतर आम्हाला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

घरी येऊन मी दोन दिवस धुसफुसले. मग तीच टाकी लांब ओढली, वाकवली आणि यानाभोवती कड्यासारखी गुंडाळली. वर निळा रंग दिला, कडेला थोडा पांढरा. संपादक चित्र बघून खुर्चीतून उठलेच.

"ऊर्जावलय! ही खरी कल्पनाशक्ती."

"हो सर," मी म्हणाले.

वर्ष संपलं, काम चालू राहिलं, वडिलांनी डी.एड.चा विषय सोडला आणि मुरबाडच्या मुलाला गोल भाकऱ्या करणारी बायको मिळाली. माझं ऊर्जावलय मात्र गाजलं. प्रत्येक नव्या पुस्तकात ते हवंच, अशी मागणी होऊ लागली. एका समीक्षकाने त्यात ऋषिमुनींच्या तेजोवलयाचा आधुनिक आविष्कार पाहिला. मी त्यात टँकर पाहत होते, पण कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. प्रतिभावंत म्हणवून घ्यायला मला बरंच वाटत होतं.

दोन हजार सालानंतर प्रकाशकाने मोठं पोस्टर काढायचं ठरवलं. यान मधोमध कापून आतलं सगळं दाखवायचं, प्रत्येक भागाला नाव द्यायचं. तेव्हा मात्र लपवायला जागा उरली नाही. मी कच्चं चित्र पाठवलं आणि कड्याच्या आत सरळ लिहिलं, 'पाणी'.

संपादकांचा फोन आला. "बाई, वाचक हसतील हो. 'ऊर्जा' लिहा. आणि हल्ली कॉम्प्युटरवर ही कामं करणारी मुलं खूप मिळतात." शेवटचं वाक्य त्यांनी सहज बोलल्यासारखं म्हटलं. वडील निवृत्त झाले होते, घर माझ्या चित्रांवर चालत होतं. तरी या वेळी डोकं फिरलं. पाणी म्हणजे पाणी, नाहीतर पोस्टर गेलं खड्ड्यात, असं ठरवून मी पक्कं चित्र करायला बसले.

ओटीवर कागद पसरला होता. आई टँकरवरून आली, हंडा उतरवला आणि पदराला हात पुसत शेजारी टेकली. माझ्या कामात तिने आजवर कधी लक्ष घातलं नव्हतं. माझी यानं म्हणजे बापाने चढवून ठेवलेलं खूळ, असं तिचं मत होतं.

"हे निळं काय हाय गो?"

"पाणी."

"येवढं?"

"सगळ्यांना पुरेल एवढं."

तिला ते मनापासून आवडलं. तिने कागदावर ओलसर बोट ठेवलं. बोट कड्यातून निघालेल्या नळावरून चाललं. नळ इंजिनाकडे गेला, कप्तानाच्या खोलीत गेला, काचेच्या घुमटातल्या बागेत गेला. मधे कामगारांच्या खोल्या होत्या. त्यांच्या दारांसमोरून मी जाड नळ नेला होता, एकेक बोल्ट मन लावून काढलेला.

"आन ह्यांनी भरायचं कुठं?" आईने विचारलं.

मी पाहिलं. त्या अख्ख्या नळाला तोटी नव्हती. उठून जुनी पुस्तकं काढली, आतली चित्रं उलटीपालटी करून बघितली. एकाही यानात नव्हती.

मग मी खोल्यांबाहेर एक तोटी काढली. "हंडा खाली मावला पायजे," असं म्हणून आईने हाताने उंची दाखवली, तेवढ्या उंचीवर. 'पाणी' हा शब्द तसाच ठेवून चित्र पाठवलं, सोबत एक फटकळ चिठ्ठीही. संपादकांनी माझ्याशी वाद घातला नाही. त्यांनी शब्द स्वतःच बदलला आणि पोस्टर छापलं. तोटी कसली ते त्यांना समजलं नसावं, ती राहिली. ऊर्जेला पितळी तोटी लावलेलं ते जगातलं एकमेव यान असेल.

संपादकांवर मी आठवडाभर चिडले आणि मग पुढच्या पुस्तकाचं काम घेतलं. स्वतःवरचा राग मात्र गेलेला नाही. मी माणसांना गुरूच्या चंद्रांपर्यंत नेलं, झोपायला खोल्या दिल्या, खिडकीतून शनीची कडी दाखवली. पाणी त्यांच्या दारात थांबू शकतं, एवढं मात्र मला कधी सुचलं नाही.