आंघोळीचा रविवार

प्रेमलाताई पुजारी आमच्या शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहेत. त्यांना सावकाश चालताना मी अजून पाहिलेलं नाही. डोक्यात काही आलं की ते सांगून होईपर्यंत त्यांना धीर नसतो, आणि पुष्कळदा सांगणं अर्धवट टाकून त्या कामालाच लागतात. यजमान एकनाथराव गल्लीतल्या दत्ताच्या देवळात पूजा करतात. ते अगदी शांत, दहा वेळा विचार करून एक शब्द बोलणारे.

सोलापुरातली गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती, जानेवारीतल्या त्या दिवसांतली ही गोष्ट. सकाळी चांगलाच गारठा असायचा. ताई स्टेशनवरून शाळेत येतात. तिथल्या भिंतीच्या कडेला काही माणसं बारा महिने पोती आणि पुठ्ठे अंथरून राहतात. ताई घरून निघताना दोन पोळ्या जास्तीच्या बांधून घ्यायच्या, समोर येईल त्याच्या हातात द्यायच्या आणि पुढे पळायच्या. त्या दिवशी पुडकं एका म्हातारीच्या हातात गेलं. तिनं ते शेजारच्या माणसाला देऊन टाकलं आणि ताईंचा पदर धरला.

“भाकरी लोक देत्यात, अक्का,” ती म्हणाली. “अंगावर पाणी कोण देतंय?”

ताई त्या दिवशी शाळेत आल्या त्या रजिस्टरवर सही करायची विसरूनच. माझ्या टेबलाशी उभ्या राहून म्हणाल्या, “अगं, मी इतके दिवस पोळ्या देत होते, पण काय पाहिजे हे एकदाही विचारलं नाही. विचारल्यावर सांगतात की माणसं!” डोळे नुसते चमकत होते. मधल्या सुट्टीपर्यंत त्यांचा बेत ठरलासुद्धा. त्यांच्या घरामागे जुनी न्हाणी होती, अडगळ भरलेली. बोळातून तिला वेगळं दार होतं. ती मोकळी करायची आणि रविवारी त्या बाईला बोलवायचं.

अडचण होती पाण्याची. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. पाण्याच्या दिवशी माणसं लग्नाला जात नाहीत, अशी परिस्थिती. अशात बाहेरच्या माणसाला बादलीभर पाणी द्यायचं म्हणजे घरातल्या कुणाचं तरी कमी करायचं. एकनाथरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते सायकल काढून तडक बाहेर पडले. ताईंना वाटलं, रागावले. तासाभराने ते सायकलला एक निळं बॅरल बांधून ढकलत आले. “हे वेगळं भरू,” एवढंच बोलले.

रविवारी ताईंनी उजाडायच्या आत बंब पेटवला. मलाही बोलावलं होतं. म्हातारी येईल की नाही, याची ताईंना इतकी धाकधूक की त्या सारख्या बोळाच्या तोंडाशी जाऊन बघायच्या. शेवटी ती आली. काठी टेकत, भिंतीच्या कडेकडेने. दारात थांबून तिनं विचारलं, “आत येऊ का?” तिच्या बोलण्यातला हेल ओळखून ताईंनी कानडीत उत्तर दिलं. त्या माहेरच्या अक्कलकोटच्या, कानडी बोलणाऱ्या मुलखातल्या. ते ऐकून म्हातारीच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते पाहून मला गलबलून आलं.

तिचं नाव निंगव्वा. मैंदर्गीची, म्हणजे अक्कलकोटच्याच बाजूची. नवरा-बायको मेंढरं राखायचे. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, दिरानं मेंढरं विकून टाकली. मग ती सोलापुरात बांधकामावर आली. तिथं पडून गुडघा दुखावला, काम सुटलं आणि कामावरच्या पत्र्याच्या खोलीतला निवाराही गेला. तेव्हापासून स्टेशनची भिंत. हे सगळं तिनं ताईंकडून केस धुऊन घेता घेता सांगितलं. केसांत इतक्या गाठी होत्या की ताईंनी शिकेकाईचं अख्खं भांडं संपवलं. कापूया का, असं मी विचारलं तर दोघी एकदमच नाही म्हणाल्या.

दार लावून निंगव्वा बराच वेळ आत राहिली. आतून पाणी ओतल्याचा आवाज यायचा, मग थांबायचा, मग पुन्हा यायचा. बाहेर आली ती ताईंच्या हिरव्या इरकली लुगड्यात. पहिल्यांदा तिनं आरसा मागितला. पाहिलं, हसली, पुन्हा पाहिलं. ताई तर टाळ्याच वाजवायला लागल्या.

ती तशीच जाईना. आमचा स्वयंपाक व्हायचा होता. तिनं ज्वारीचं पीठ मागून घेतलं आणि परातीशी बसली. हाताखाली भाकरी अशी गरगर फिरत मोठी होत होती की मी कांदा चिरायचा थांबले. तव्यावर प्रत्येक भाकरी टम्म फुगली. एकनाथरावांनी नेहमीपेक्षा एक जास्त खाल्ली. मग ते हात धुता धुता म्हणाले, “बाळासोला भाकरीवाली बाई पाहिजे आहे.”

बाळासो म्हणजे त्यांच्या ओळखीचे, चिंचोळी एमआयडीसीत कामगारांची मेस चालवणारे. त्यांची बाई काम सोडून गेली होती आणि पोळी खाऊन कामगार कुरकुरत होते. एकनाथरावांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ताईंच्या हातात फोन होता.

दुसऱ्या दिवशी ताईंनी अर्धी रजा टाकली आणि मलाही टाकायला लावली. निंगव्वा पहाटे पुन्हा न्हाणीत येऊन, आंघोळ करून, वेणी घालून तयार होती. रिक्षात ताई तिला एकसारखं शिकवत होत्या. पत्ता विचारला तर माझ्या घरचा सांगा, माझी मावशी आहे म्हणून सांगा. निंगव्वा नुसती बाहेर बघत होती.

बाळासोंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. वय बघितलं, काठी बघितली. मग विचारलं, “म्हातारे, ऱ्हातीस कुटं?”

ताई बोलणार तेवढ्यात निंगव्वाच म्हणाली, “स्टेशनच्या भिंतीला. खोटं कशाला सांगू? आता भाकरी करून दावू का, का जाऊ?”

ताईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. बाळासोंनी तोंडातली सुपारी थुंकली आणि पिठाच्या डब्याकडे हात केला.

चुलीपुढे निंगव्वाला उंच पाट दिला, म्हणजे गुडघा वाकवावा लागणार नाही. दुपारचा भोंगा झाला, कामगार आले आणि भाकरी दिसल्यावर रांगच लागली. ती एक थापायची, एक उलटायची, एक फुफाट्यावर फुगवायची. टोपलं भरतच नव्हतं, येईल तशी भाकरी ताटात जात होती. एक जण मागून ओरडला, “आज्जे, मला कडक!” तिनं वळून न बघता कडक काढून दिली. ताई वाढायला उभ्या राहिल्या, मी पाण्याचे जग भरत सुटले. एवढी धावपळ करूनही मला अजिबात दमायला झालं नाही.

जेवणं आटोपल्यावर बाळासो म्हणाले, “मागं खोली हाय. आमची भाजीवाली बाई ऱ्हाती, तिच्यासंगं ऱ्हावा. गुडघ्याचं डॉक्टरला दावू.” सकाळी ‘राहतीस’ म्हणणारा माणूस दुपारी ‘राहावा’ म्हणत होता, हे ताईंनी परतीच्या वाटेवर मला निदान चार वेळा ऐकवलं.

निंगव्वा आता तिथंच असते. न्हाणी मात्र थांबली नाही. स्टेशनच्या भिंतीशी निंगव्वाच्या शेजारी राहणारी केराबाई पुढच्या रविवारी आपणहून आली, मग आणखी दोघी. गल्लीतल्या सगळ्यांना हे आवडलेलं नाही. समोरच्या काकू अजूनही बोळाकडची खिडकी लावून घेतात. उलट कोपऱ्यावरचे दुकानदार साबणाच्या वड्या पाठवतात, आणि पाण्याच्या दिवशी कुणी ना कुणी दोन घागरी निळ्या बॅरलमध्ये ओतून जातं.

केराबाईसाठीही ताईंनी धडपडून काम शोधलं होतं. ती नको म्हणाली. खोलीही नको. ताई हिरमुसल्या. मग एकनाथराव म्हणाले, “तिनं पाणी मागितलंय ना? पाणी द्या.”

परवाच्या रविवारी केराबाई न्हाऊन उन्हात केस वाळवत बसली होती. ती फारशी बोलत नाही. अचानक म्हणाली, “अक्का, पुलाखाली एक नवी पोरगी आलीया. लई भेदरलीया. पुढच्या बारीला संगं आणू?”

ताई उत्तर द्यायला थांबल्याच नाहीत. त्या चप्पल अडकवून बोळातून बाहेर पडल्याही होत्या, बाजारातून आणखी एक बादली आणायला.