पठाणकोटला पॉइंट नाही

आमच्या घरात सुट्टी या शब्दाचा अर्थच वेगळा होता. वर्गातल्या मुली मे महिन्यात मामाकडे जायच्या, एखादी महाबळेश्वरला जाऊन यायची. आमच्याकडे सुट्टी म्हणजे अण्णांची सुट्टी. वडील सैन्यात होते. वर्षातून एकदा ते कवठे महांकाळजवळच्या आमच्या गावी यायचे आणि ते दोन महिने घरच सहलीला गेल्यासारखं व्हायचं. त्यांची काळी ट्रंक उघडली की लोकरीचा आणि डांबरगोळ्यांचा वास यायचा. अक्रोड निघायचे. आम्ही ते उंबऱ्यावर दगडानं फोडून खायचो.

खरा प्रवास म्हणाल तर म्हसवडची सिद्धनाथाची जत्रा, नाहीतर शिराळ्याला आत्याकडे नागपंचमी. एसटीत बसायचं, दशम्यांचं गाठोडं मांडीवर, आणि मुक्काम पाहुण्यांकडे. आम्ही येतोय हे त्यांना आम्ही दारात उभे राहिल्यावरच कळायचं. आगाऊ विचारायची पद्धत नव्हती. विचारलं असतं तर त्यांना राग आला असता.

आई त्यापलीकडे कुठंच गेली नाही. एकदा मात्र जायची होती. अण्णांना पठाणकोटला फॅमिली क्वार्टर मिळालं होतं. आईनं भांडी पोत्यात बांधली, माझ्यासाठी लोकरीची टोपी विणली. निघायच्या आठवड्यात आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. अंथरुणावरचे सासरे, गोठ्यात जनावरं, शेत वाऱ्यावर. अण्णा एकटेच परत गेले आणि क्वार्टर दुसऱ्या कुणाला तरी मिळालं. त्यानंतर आईनं तो विषय काढला नाही. पण अण्णांच्या बोलण्यात पठाणकोट आलं की हातातलं काम थांबवून ऐकायची. त्या गावाला ती ‘ह्यांचं गाव’ म्हणायची.

पुढं मी लग्न होऊन साताऱ्याला आले, शाळेत नोकरीला लागले. अण्णा निवृत्त होऊन द्राक्षबागेत रमले. कुठं जाऊया म्हटलं की त्यांचं एकच उत्तर असायचं, “निम्मं आयुष्य रेल्वेत गेलं माझं. आता हितनं हलायचं न्हाई.”

मग काही वर्षांपूर्वी, माझी लेक पाचवीत असताना, आईनंच फोन केला. “उन्हाळ्यात जायचं का गं कुठं? समदी मिळून?”

मी उडालेच. “कुठं जायचं?”

“ह्यांच्या गावाला.”

या एका नावाला अण्णाही नाही म्हणाले नाहीत, आणि शोध सुरू झाला. माझ्या नवऱ्याला अशा कामाचा भारी उत्साह. साधा मिक्सर घ्यायचा असला तरी तो चार दुकानं फिरून पाचवं मोबाईलवर बघतो. सुरुवात मात्र माझ्या हट्टानं सांगलीच्या एका टूर कार्यालयातून झाली. आई-अण्णांना घेऊनच गेलो. स्टँडजवळ, अरुंद जिना चढून वर. भिंतीवर सगळीकडे माकडटोपी घातलेल्या आपल्या माणसांचे फोटो. कुणी बर्फात, कुणी ताजमहालापुढं. मालक पन्नाशीचे, गोड बोलणारे. अर्धा जिल्हा त्यांनी काशी-रामेश्वरला फिरवून आणला होता. त्यांनी आमच्यापुढं गुळगुळीत पत्रक ठेवलं. अमृतसर, डलहौसी, धरमशाला. आपला स्वयंपाकी सोबत. सकाळी पोहे, रात्री भाकरी.

आईनं पत्रक हातातही घेतलं नाही. “पठाणकोट हाय का ह्यात?”

“आहे की आजी. पठाणकोटवरूनच जाते आपली बस. चहाला थांबते.”

“चहाला न्हाई. ऱ्हायाला.”

मालक हसले. “तिथं काय बघणार, आजी? पठाणकोटला पॉइंट नाही.”

“मला पॉइंट बघायचाच न्हाई. ह्यांचं गाव बघायचंय.”

अण्णा खिडकीतून खाली रस्त्याकडं बघत बसले होते. कानाची पाळी लाल झालेली मला दिसली. मालकांनी विचार केल्यासारखं केलं, मग म्हणाले, “चाळीस माणसांची बस आहे. एका घरासाठी मुक्काम नाही करता येणार.” त्यांचंही बरोबर होतं.

घरी येताच नवऱ्यानं ते पत्रक पुढ्यात घेतलं. “हीच हॉटेलं मोबाईलवर शोधतो. गाडीची तिकिटं आपण काढू, पुढं टॅक्सी करू. मधला माणूस कशाला पाहिजे?” दोन दिवस तो त्यातच होता. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यानं सांगितलं, माणशी सात-आठ हजार वाचतायत, आणि पठाणकोटला एक मुक्कामही बसतोय. आईनं फोनवर ऐकलं आणि जावयाचं इतकं कौतुक केलं की तो आठवडाभर फुगून वावरत होता.

वाचवायच्या नादात तिकिटं वेगवेगळ्या दिवशी निघाली होती. त्यामुळं आई-अण्णा मिरजेहून एका डब्यात आणि आम्ही साताऱ्याहून दुसऱ्याच डब्यात. साताऱ्याला गाडी थांबली तेव्हा आई दारात उभी राहून हात हलवत होती आणि आमचा डबा पार इंजिनाकडं. दिल्लीपर्यंत माझी लेक चटणीचा डबा आणि निरोप घेऊन एका डब्यातून दुसऱ्यात ये-जा करत होती. आईनं धपाटे, शेंगदाण्याची पोळी, चिवडा, इतकं बांधलं होतं की शेजारचं एक हरियाणवी कुटुंब आमच्याच पंगतीला बसलं.

पठाणकोटला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. रात्री दिल्लीला गाडी बदलताना दमलेले अण्णा इथं उतरताच सरळ झाले. पाठ ताठ, पाऊल लांब. आई मागं पडायला लागली. हॉटेलात पिशव्या टाकल्या आणि रिक्षानं छावणीकडं निघालो. फाटकावर एक कोवळा जवान उभा होता. अण्णांनी पेन्शनीचं कार्ड काढलं, आपली पलटण सांगितली. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि हात जोडून म्हणाला, “बाबूजी, फॅमिली को अंदर परमिशन नहीं है.”

अण्णा वाद घालतील असं मला वाटलं होतं. ते नुसतं “ठीक है बेटा” म्हणाले. मग फाटकाबाहेरूनच आईला दाखवू लागले. “त्या झाडांच्या पल्याड क्वार्टरं होती. बैठी. आता मजले चढलेत वाटतं.” आईनं पदर डोक्यावर घेऊन उन्हात डोळे बारीक केले. झाडांपलीकडं काहीच दिसत नव्हतं. पण ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “पाणी कुठनं आणायला लागलं असतं?”

“नळ होता की दारात.”

“दारात?” आई एवढंच म्हणाली.

तिथून बाजारात गेलो. रविवारी जवान जिथं बसायचे ते चहाचं दुकान अण्णांना सापडेना. एक गल्ली दोनदा हिंडून झाली. त्या जागी मोबाईलचं दुकान झालं होतं. अण्णांचा चेहरा उतरला. नवरा हळूच मला म्हणाला, “उगाच आणलं का आपण यांना?” तेवढ्यात समोरच्या कापडदुकानाच्या पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या सरदारजींकडं अण्णा गेले आणि बोलायला लागले.

हिंदीत नाही. पंजाबीत. आमच्या घरी अण्णा मोजकं बोलणारे. हुकूम दिल्यासारखं एखादं वाक्य टाकायचे आणि गप्प. आणि इथं ते हातवारे करत भडाभडा बोलत होते. सरदारजींना अण्णा आठवत नव्हते, पण मराठी जवान आठवत होते. पराठ्याबरोबर मूठमूठ हिरव्या मिरच्या मागणारे. ते काहीतरी म्हणाले, बहुधा मिरच्यांवरूनच, आणि अण्णा डोकं मागं टाकून खदखदून हसले. सरदारजींच्या हातावर टाळी दिली. मी माझ्या बापाला असं हसताना तोवर पाहिलं नव्हतं.

मी आईकडं बघितलं. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती. मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवत होता तरी तिला ऐकू येत नव्हतं. मी तिला हाताला धरून कडेला घेतलं.

सरदारजींनी आम्हाला आपल्या दुकानात बसवलं, लस्सी आली. आई अण्णांकडं वळली. “ह्ये कवा शिकलासा?”

अण्णा ओशाळले. “तू न्हवतीस तवा.”

आई रुसेल, रडेल असं वाटलं. तिनं लस्सीचा पेला खाली ठेवला, मिशी पुसावी तसे पदरानं ओठ पुसले आणि म्हणाली, “मला वाटायचं, तुमी हितं एकटंच असणार. खाली मान घालून जेवत असणार. ताट वाढताना रोज त्येच डोळ्यापुढं यायचं माझ्या.” थोडं थांबून ती पुढं म्हणाली, “बरं झालं आलो. हसत होता म्हणायचं.”

अण्णांनी मान हलवली. मग सरदारजींकडं वळून त्यांनी आईसाठी एक ओढणी मागितली, लाल-केशरी भरतकामाची. माझ्या आठवणीत त्यांनी तिच्यासाठी पहिल्यांदाच तिच्यासमोर काही विकत घेतलं. नऊवारी नेसणाऱ्या बाईनं ओढणीचं काय करायचं, हे दोघांनाही सुचलं नाही. ती तिनं शालीसारखी अंगाभोवती घेतली.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीनं डलहौसीला पोचलो आणि तिथं आमच्या हिशेबाला तडा गेला. काउंटरवरचा माणूस वही बघून म्हणाला, तुमचं बुकिंग आमच्याकडं आलेलंच नाही. नवऱ्यानं मोबाईल दाखवला, पैसे गेल्याचं दाखवलं. तो म्हणाला, “पैसा वापस आ जाएगा सर, पर कमरा नहीं है. सीझन है.” ज्या साइटवरून बुकिंग केलं होतं तिच्या नंबरावर नुसतं संगीत वाजत होतं. बाहेर थंडी पडायला लागलेली, आणि आई ओढणी गुंडाळून बाकावर बसलेली. नवरा फोन कानाला लावून अंगणात येरझारा घालत होता.

तेवढ्यात अंगणात एक बस शिरली. दार उघडताच आतून आवाज आला, “आवं, माझी पिशवी र्‍हायली वर!” कानांवर विश्वास बसेना. एकामागून एक माकडटोप्या उतरल्या. सगळ्यात शेवटी सांगलीच्या कार्यालयाचे मालक. आमच्याकडं बघून ते थबकले. आम्ही त्यांच्याच पत्रकातल्या हॉटेलात, त्यांच्याच तारखांच्या आसपास आलो होतो, तेव्हा गाठ पडणारच होती. पण ते कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

“आमचं पत्रक उपयोगी पडलं म्हणायचं,” ते नवऱ्याला म्हणाले. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण त्यांनी पुढं ताणलं नाही. काय झालं ते विचारून घेतलं आणि सरळ काउंटरवर गेले. त्यांच्या गटातलं एक कुटुंब ऐनवेळी आजारपणामुळं आलं नव्हतं. त्यांच्या दोन खोल्या त्यांनी आम्हाला दिल्या. दर सांगितला तेव्हा नवऱ्यानं मोबाईल खिशात घातला. मोबाईलवर स्वस्त म्हणून भरले होते त्यापेक्षाही तो कमी होता.

“दरवर्षी दहा बशी आणतो साहेब,” मालक म्हणाले. “आम्हाला ह्याच दरात पडते खोली.”

रात्री त्यांच्या पंगतीत जेवलो. हॉटेलमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये इस्लामपूरकडचा स्वयंपाकी पिठलं ढवळत होता. गरम भाकरी ताटात पडली आणि पंजाबात एवढं भडाभडा बोलणारे अण्णा तीन भाकऱ्या एक शब्द न बोलता खाऊन गेले. मालक वाढायला आले तेव्हा त्यांनी आईला विचारलं, “मग आजी, बघितलं का पठाणकोट?”

“बघितलं.”

“काय होतं?”

आईनं अण्णांकडं बघितलं. “लय काय काय होतं. तुमच्या बशीनं न्हाई दिसायचं.”

सगळी पंगत हसली. मालकही हसले.

घरी आल्यावर नवऱ्यानं हिशेब मांडला. टॅक्स्या, रिक्षा, तोवर परत न आलेले पैसे (ते दोन महिन्यांनी, बरेच मेल पाठवल्यावर आले) सगळं धरून आमचे वाचले ते जेमतेम एका ओढणीचे. त्यानं वाद न घालता मान्य केलं. तरीही त्यानंतर दरवर्षी तो मोबाईलच घेऊन बसतो, फक्त आता बुकिंग झालं की हॉटेलला स्वतः फोन करून विचारतो. आणि मी काही बोलत नाही, कारण कार्यालयात पैसे भरले असते तर पठाणकोटला चहा पिऊन आम्ही पुन्हा बशीत चढलो असतो.

तो आमचा अण्णांबरोबरचा एकमेव लांबचा प्रवास ठरला. दोन वर्षांनी ते गेले. बागेतच, सकाळच्या फवारणीनंतर पाणी प्यायला बसले ते बसलेच.

वर्षभर आई घराबाहेर पडली नाही. मग गावातल्या चारजणी रामेश्वरला निघाल्या तेव्हा मीच तिला भरीस घातलं. ती त्याच कार्यालयाच्या बशीनं गेली. तेव्हापासून वर्षातून एक टूर ठरलेली. जावयानं एकदा भीत भीत विचारलं, “आई, मी स्वस्तात काढून देऊ का तिकिटं?” ती म्हणाली, “नगं. बशीत बायका असत्यात. बोलायला बरं पडतं.”

गेल्या हिवाळ्यात कन्याकुमारीहून तिचा फोन आला. मागं वारा इतका होता की निम्मं ऐकू येत नव्हतं. टूरवाला पोरगा सगळ्यांना घाईनं गाडीत बसवत होता, सूर्य बुडायला अजून वेळ होता, आणि हिनं बसमध्ये चढायला साफ नकार दिला होता.

“मग?” मी विचारलं.

“मग काय? समदी उतरली परत. आता बसल्यात माझ्यासंगं दगडावर. थांब, फोन ठेवते. बुडायला लागलाय.”