हौसाचा पंजा सांगलीला नेला

दहिवडीच्या स्टँडवर साताऱ्याच्या गाडीत बसलो, तेव्हा माझ्या मांडीवर घोंगड्याचं गाठोडं होतं आणि गाठोड्यात एक शेणी (गोवरी) होती. कंडक्टरनं तिकीट देता देता गाठोड्याकडं बोट दाखवलं.

"आबा, लय जपून धरलंय. अंडी हायती का काय?"

"शेणी हाय."

"किती?"

"एकच."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "एका शेणीवर काय शिजायचं वो?"

"शिजवायची न्हाई. सांगलीला दाखवायला चाललोय."

पुढच्या बाकावरची बाई तोंडाला पदर लावून हसली. हसू दे. माझी मंडळी असती तर तीही हसली असती, आणि तिचं हसू तर गाडीच्या टपापर्यंत गेलं असतं.

आता शेणी कशाला नेली ते आधी सांगतो, नाहीतर वाचणारा म्हणेल म्हातारा चळला.

हौसाला, म्हणजे माझ्या मंडळीला, जाऊन नऊ महिने झाले. तिचा घरात एकच फोटो आहे आणि त्यात तिनं दोन्ही हात पदराखाली घेतलेत. तोंड दिसतं, हात दिसत नाहीत. आणि हौसा म्हणजे हातच होते. तिचे हात राहिले ते फक्त परड्यातल्या हुडवीत (शेणींच्या रचलेल्या राशीत). शेणी थापताना बाईचा पंजा उठतोच, पण इतर बायांचा नुसता उमटतो, हौसाचा रुतायचा. पाच बोटांची पाच खोल पन्हाळं. पाऊस पडला की त्यात चिमण्या पाणी प्यायच्या.

त्या हुडवीला खालून वाळवी लागली. दर आठवड्याला पाच-सहा शेणींची माती व्हायची. सूनबाई कांता दोनदा म्हणाली, "मामंजी, जाळू का? वाळवीच्या तोंडात घालण्यापरास चुलीत घालू की." मी दोन्ही वेळा खेकसलो. ती बिचारी काटक्या गोळा करून माझ्या आंघोळीचं पाणी तापवायची आणि मी हुडवीपाशी बसून वाळवी झटकायचो. असे आमचे दिवस चालले होते.

मग बाजारात सर्जेराव भेटला. हा मिलिटरीतून रिटायर झालेला गडी सांगलीला राहतो, पन्नाशीच्या आत-बाहेर. बकरा बघायला आला होता. मी तिथं मेंढरं कातरत बसलो होतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षं माझ्या हातात लोकरीची कातर आहे. दिवसभर दाब-सोड, दाब-सोड. त्यानं ओळख काढून हात पुढं केला, मी धरला, आणि तो वाकलाच.

"आबा, सोडा! हात हाय का अडकित्ता?"

मग त्यानं सांगितलं की सांगलीत त्याची एक शेड आहे, तिथं माणसं फक्त पकड कमवायला येतात. दंड नाही, छाती नाही, नुसती पकड. त्याच्या स्पर्धा होतात. "पोरं दोन-दोन वर्षं लोखंड दाबत्यात, तरी असा हात व्हत न्हाई. रविवारी या."

मी म्हणालो, "ह्यो काय हात? खरा हात आमच्या मंडळींचा हुता. भिजलेलं घोंगडं एकटी पिळायची."

सर्जेराव हसला. वाईट नाही हसला, पण म्हाताऱ्याला वाटेल ते बोलू द्यावं तसा हसला. ते माझ्या मनात काट्यासारखं राहिलं. हुडवीतली त्यातल्या त्यात धड शेणी काढली, हौसानं पिळलेल्या घोंगड्यातच बांधली, आणि निघालो. एक तर तिचा हात तिथल्या माणसांनी मानायचा, नाहीतर मी परत कुणाला तिचं नाव सांगायचं नाही, असं ठरवूनच निघालो.

पुसेगावपर्यंत आपलाच मुलूख. माळ, बाभळी, कुसळं, मधेच एखादं डाळिंबाचं शेत. पुसेगाव मागं पडलं तशी हिरवळ सुरू झाली आणि माझ्या डोळ्याला पेंग आली. कोरेगावच्या अलीकडं कधी डोळा लागला ते कळलं नाही. गाडी खड्ड्यात आदळली, गाठोडं मांडीवरून घसरलं आणि पायाशी पडलं.

उघडून बघायचं धाडस होईना. पुढच्या बाकावरची बाई आता हसत नव्हती. "बघा तरी आजोबा," म्हणाली. बघितलं. शेणी सलग होती, पण एका कडेचा टवका उडाला होता. करंगळीचा शेंडा गेला. माझ्या डुलकीनं हौसाची करंगळी खाल्ली. तो टवका सापडला, पण चुरा होऊन. पुडीत बांधून खिशात ठेवला. कशाला ठेवला ते विचारू नका.

साताऱ्यात मुलीकडं मुक्काम. सुशी माझी थोरली. तिनं गाठोडं सोडलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आबा, लेकीकडं येताना लोक खाऊ आणत्यात. तुमी शेण आणलंय."

"तुझ्या आईचं हाय."

मग आत गेली. हात धुवून आली, पुसले, आणि आपला पंजा त्या खळग्यात ठेवून बघितला. सगळीकडून बोटभर जागा उरली. "लहानपणी न्हाऊ घालायची तवा डोस्कं असं धरायची, की पळायची सोय नसायची," म्हणाली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. रात्री वांग्याचं भरीत आणि भाकरी केली. भाकरी चांगली होती. हौसाची जाड असायची, पण ते मी बोललो नाही. निघताना सुशीनं कंदी पेढ्यांचा पुडा दिला. "शेणीवर ठेवू नका," म्हणाली.

साताऱ्याहून सांगलीची वाट म्हणजे नुसता ऊस. कराडच्या पुढं डावीकडं ऊस, उजवीकडं ऊस, मधे गुऱ्हाळाचा गोड वास. आमच्याकडं हंड्याला पाणी नाही आणि इथं पाटाच्या कडेला माणसं गाड्या धुतात. बघून आधी राग आला, मग वाटलं, पाणी आहे तर धुणारच. सांगली जवळ आली की हळदीचा वास येतो. लग्नघरात शिरल्यासारखं वाटतं. स्टँडवर उतरून भडंग (लसूण-मिरचीचे चुरमुरे) घेतलं. एवढं तिखट की कानातून वाफ निघाली, तरी पुडा संपवला.

सर्जेरावची शेड हळदीच्या गोदामांच्या मागं. आत लोखंडच लोखंड. मनगटाएवढे जाड दांडे, चिमट्यासारख्या स्प्रिंगा, गुळगुळीत लोखंडी चकत्या ज्या नुसत्या बोटांच्या चिमटीत उचलायच्या. आणि आमच्याकडच्या तालमीत असते तशी दगडी नालही (उचलायचं दगडी कडं) एका कोपऱ्यात. वीस-पंचवीस माणसं होती, त्यात चार-पाच बाया. भिंतीवर एक काळा फळा, त्यावर कोणत्या खेळात पहिले तिघं कोण त्यांची नावं.

मधे एका परातीत पांढरी पूड होती. मला वाटलं, वा, आल्यागेल्याची सोय केलीय. चिमूटभर घेतली, तंबाखूत मळली आणि दाढेखाली धरली. चवच लागेना. पलीकडं एकजण तीच पूड तळहाताला चोळत होता.

"आबा," सर्जेराव म्हणाला, "ती खडूची पूड हाय. घामानं हात निसटू नये म्हणून लावत्यात."

"मग चुना कुठं ठेवता?"

सगळी शेड हसली. मीही हसलो. थुंकायला बाहेर पाठवलं मला.

स्पर्धेत मला स्प्रिंग दाबायला दिली. पहिली दाबली, दुसरी दाबली. तिसरी जरा कडक होती, पण मेंढराच्या मानेखालची चिकट लोकर कातरताना लागतो तेवढाच जोर. टक् करून मिटली. मागं गलका झाला. चौथी मिटली नाही. तिथं एक दाढीवाला गडी आणि अजून एकजण पुढं गेले, आणि जाड दांडा उचलायची वेळ आली तेव्हा माझी कंबरच बोलायला लागली. मग मी बाजूला बसलो. सर्जेरावनं फळ्यावर स्प्रिंगच्या खेळात माझं नाव तिसऱ्या नंबरला लिहिलं. टाळ्या वाजल्या.

मी उठलो. "माझं राहू द्या. माझ्या मंडळींचा हात बघा."

घोंगडं सोडलं. शेणी बघून दोघं-तिघं नाकाला हात लावणार होते, पण सर्जेरावनं डोळे वटारले. त्यानं स्वतः वाकून त्या खळग्यात पंजा ठेवला. त्याचीही बोटं पुरली नाहीत. "बाईमाणसाचा हात?" एवढंच म्हणाला.

"आता हे घोंगडं भिजवा," मी म्हणालो.

टबात घोंगडं बुडवलं. भिजलेलं घोंगडं म्हणजे मेलेलं मेंढरू. उचलताच दोन जणांची धांदल उडाली. हौसाची रीत मी सांगितली. एकटीनं पिळायचं, काटेरी कुंपणावर टाकायचं, आणि खालची माती कोरडी राहिली पाहिजे. थेंब पडला तर ती घोंगडं उतरवून परत पिळायची. इथं कुंपणाऐवजी लोखंडी दांडा आणि मातीऐवजी वर्तमानपत्र.

दाढीवाल्यानं पिळलं. मानेच्या शिरा सुतळीसारख्या झाल्या. दांड्यावर टाकलं, आणि कागदावर टप टप टप. दुसऱ्यानं पिळलं, टप टप. सर्जेरावनं शर्ट काढून पिळलं. जरा वेळ काहीच नाही. सगळे श्वास धरून कागदाकडं बघत बसलेले. मग एक टप.

"हात्तिच्या!" सर्जेराव म्हणाला. "आबा, तुमी दावा."

मी पिळलं. माझं तर टपटपलंच. घरीसुद्धा माझं गळायचंच. म्हणूनच ती मला पिळू द्यायची नाही.

"तिचं नाव लिव फळ्यावर," मी म्हणालो.

सर्जेरावनं मान हलवली. "आबा, राग मानू नका. डोळ्यानं बघितल्याबिगर हितं नाव लागत न्हाई. माझ्या बापाचंबी लागलं नसतं."

मला राग आला. मग गेला. हौसानंही हेच म्हटलं असतं. न केलेल्याचं श्रेय नको आणि न बघितलेल्याची साक्ष नको, अशी बाई. पण शेणी पुन्हा बांधायला घेतली तेव्हा हात जड झाले. एवढं येऊन काय मिळवलं, तर एक करंगळी घालवली.

तेवढ्यात मीना नावाची एक बाई पुढं आली. तिचं घराणं गणपती करणारं. दिवसभर माती मळून मनगटं कमावलेली. तिनं शेणी उचलून उजेडात धरली.

"आबा, ह्यो ठसा न्हाई. ह्यो साचा हाय."

"म्हंजे?"

"ह्यात प्लास्टर वतलं की हात वर यील. तुमच्या मंडळींचा हात. बोटं, तळवा, सगळं."

ती पुढं म्हणाली, "पर शेणी वाचायची न्हाई. फोडूनच हात काढावा लागंल. तुमी ठरवा."

मी बाहेर गेलो. भिंतीच्या सावलीत सुशीनं दिलेला एक पेढा खाल्ला. नऊ महिने मी वाळवी झटकली होती आणि इथं एक बाई सांगते, फोडा. घरी ठेवली तरी माती होणार होती. फोडली तरी माती होणार होती. पण फोडली तर मधे हात निघणार होता.

"फोडा," मी आत येऊन म्हणालो. "पर करंगळीचा शेंडा गेलाय."

"बोटानं घडवून दिऊ का?"

"नको. खोटं बोट नको."

मीनानं घरून सामान आणलं. खळग्यात तेल लावलं, वर्तमानपत्राची कड बांधली, दुधासारखं प्लास्टर ओतलं. सगळे गोल करून उभे. थोड्या वेळानं ती म्हणाली, "हात लावून बघा."

मी वर तळवा टेकवला. गरम होतं. चांगलं ऊन-ऊन लागत होतं, जित्या माणसाच्या अंगासारखं.

"प्लास्टर धरताना तापतं, आबा," मीना हळूच म्हणाली.

"असू दे," मी म्हणालो आणि ते थंड होईस्तोवर हात काढला नाही. दाढीवाला उगाच स्प्रिंगा आवरत बसला.

मग शेणी फोडली. भुसा झडला आणि हौसाचा पंजा निघाला. एडक्यानं धडक मारून वाकडं केलेलं मधलं बोटसुद्धा तसंच वाकडं. ते मी विसरलो होतो. नऊ महिन्यांत विसरलो होतो! तळव्यावर शेणातल्या काडीचा एक वण, आणि करंगळी तोकडी.

घोंगडं मी सर्जेरावच्या शेडमध्येच ठेवलं. "पिळा," म्हणालो, "थेंब न पडता ज्याचं जमंल, त्याचं नाव लावा." निघताना सर्जेरावनं पुन्हा हात पुढं केला. यावेळी मी हळू धरला.

परतीला गाडीत कंडक्टर वेगळा होता. मांडीवर पुन्हा गाठोडं, या खेपेला सर्जेरावनं दिलेल्या जुन्या टॉवेलचं. "काय हाय आबा?" त्यानं विचारलं. "मंडळी," मी म्हणालो. त्यानं एकच तिकीट दिलं आणि पुढं गेला. वाटेत मी डुलकी घेतली नाही.

घरी आल्यावर कांताला म्हणालो, "हुडवी जाळायला घे." ती माझ्याकडं बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी हौसानं थापलेल्या शेणींवर तापवलेल्या पाण्यानं आंघोळ केली. पाणी एवढं कढत निघालं की दोनदा गार पाण्याचं विसण घ्यावं लागलं.

पंजा आता देवळीत (भिंतीतल्या कोनाड्यात) उभा आहे. घरी येणारा-जाणारा त्याला आपला पंजा लावून बघतो. आणि दर रविवारी सांजच्याला सर्जेरावचा फोन येतो. रामराम नाही, शामशाम नाही, एकच वाक्य.

"आबा, अजून गळतंय."

मी फोन ठेवतो, देवळीकडं तोंड करतो आणि तिला निरोप सांगतो.