सातव्या महिन्याचे पेढे

नोकरी लागल्याचे पेढे अर्धेसाहेब कधी खात नसत. कोणी पुडा घेऊन समोर उभा राहिला की फायलीतून मान वर न करता म्हणत, "सातव्या महिन्यात आण. मंग खातो."

अकोल्याला बेकारांची नावं नोंदवणाऱ्या कचेरीत ते होते. बेकार माणसाला कोणी कामावर घेतलं, तर पहिले सहा महिने त्याचा अर्धा पगार सरकार देई. पुढे मालकाने त्याला पूर्ण पगारावर कायम करावं, अशी अपेक्षा होती. सक्ती नव्हती. साहेब उन्हातान्हात गिरण्यांचे उंबरे झिजवत आणि मालकांना सांगत, "अर्धा पगार आमचा, अर्धा तुमचा, माणूस पुरा तुमचा." त्यावरून त्यांचं हे नाव पडलं.

मला त्यांनी अकोटच्या एका तेलाच्या गिरणीत लावलं. तेलाचे डबे कथलाचा डाग देऊन बंद करायचं काम मी मन लावून शिकलो. सहाव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी साहेब एसटीने आले आणि फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली उभे राहिले. प्रत्येकाच्या शेवटच्या दिवशी ते असे जात. शेठ हसतच बाहेर आले.

"साहेब, पोरगा लय गुणाचा. आता असाच दुसरा धाडा."

"गुणाचा हाये तं काढता काहून?"

"दुसराबी गुणाचाच धाडसान नं!"

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "याले पुन्हा माणूस देऊ नका, साहेब." त्यांनी ऐकलं. वर्षभर त्या गिरणीच्या कागदावर सही केली नाही. शेठचं काही अडलं नाही. होत्या त्याच माणसांकडून त्यांनी काम ओढून घेतलं.

वर्षाने मीच साहेबांच्या टेबलाशी उभा होतो, धाकट्या भावाला घेऊन. घरात चूल एकवेळच पेटत होती. म्हणालो, "सहा महिने तं सहा महिने. त्याच गिरणीत लावा याले."

"तूच देऊ नका म्हणत होता ना?"

मी भावाला टेबलापुढे सरकवलं. साहेबांनी टाक उचलला, ठेवला, पुन्हा उचलला आणि सही केली.

सहा महिन्यांनी तेच फाटक, तोच कडुनिंब. भावालाही त्यांनीच गाडीत बसवून घरी आणलं.

पुढे ती योजना बंद झाली. साहेब निवृत्त होऊन बडनेऱ्याला राहायला गेले आणि तिथेच वारले. पेढा त्यांनी शेवटपर्यंत कोणाचाच खाल्ला नाही.

त्यांना पोहोचवायला त्यांनी कामाला लावलेली पुष्कळ माणसं आली होती. बुधवार होता, भर दुपार. आमच्यापैकी कोणालाही रजा मागावी लागली नव्हती.