पाऱ्याचे मराठी

‘शक्यतो’ हा शब्द कानावर पडला की ताई चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि बोलणाऱ्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघत. “म्हणजे हो की नाही?” एवढेच विचारत. आपल्यापैकी प्रत्येकाने हा शब्द कधी ना कधी पांघरूण म्हणून वापरला आहे. त्या नजरेसमोर काय होत असे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

लंडनमधल्या हॅरोच्या त्यांच्या घरी गणपतीचे जेवण असे. एकदा वॉटफर्डच्या एका सद्गृहस्थांनी फोनवर सांगितले, “ताई, वीकेंडला ट्रेन्सचं काही खरं नाही. शक्यतो येतो.” ते आले, सहकुटुंब आले. ताईंनी त्यांच्यासमोर ताकाचा पेला ठेवला. “शक्यतोवाल्यांचं पान मी मांडत नाही हं!” सगळे हसले. मग स्वतःचे वाढलेले ताट त्या गृहस्थांच्या पत्नीपुढे सरकवून म्हणाल्या, “हिचा काय दोष?”

विदर्भातल्या एका औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीत त्या वाढल्या. वाळलेले कपडे घरात घेताना आधी राख झटकायची, ही तिथली सवय. हॅरोच्या स्वच्छ अंगणातही त्या टॉवेल झटकूनच घडी घालत. इथे इंग्लंडमध्ये आल्यावर निवृत्तीपर्यंत त्यांनी कोळशावरच्या वीजकेंद्रांत रसायनतज्ज्ञ म्हणून काम केले. चिमणीतून धुराबरोबर पारा किती जातो, ते मोजण्याचे काम. “म्हणून माझा पारा चढलेला असतो,” असे स्वतःच म्हणत आणि माझ्याकडे वळत. “तुझा मात्र कधी चढत नाही. काहून रे बापा, थर्मामीटर फुटलं का तुझं?” मी हळू बोलतो. त्याला मी आजवर स्वभाव म्हणत आलो.

मी ब्रॅकनेलच्या एका कंपनीत आहे. धुरातल्या पाऱ्याच्या मोजणीचे सॉफ्टवेअर आम्ही करतो. पाऱ्याचे उत्सर्जन कमी करण्यासाठी देशादेशांमध्ये करार झाला, त्यानंतर इथल्या तज्ज्ञांचा एक गट विदर्भातल्याच दुसऱ्या एका वीजकेंद्राला मदत करू लागला. धुरातला पारा अडवणारी यंत्रणा बसवायची, शेजारच्या तलावातल्या मासळीत तो किती उतरला आहे ते तपासायचे, आणि निकाल तिथल्या मासेमार कुटुंबांना कळवायचे, असा बेत होता. त्या बेताच्या मसुद्याची मराठी प्रत करण्याचे काम ताईंकडे आणि माझ्याकडे आले.

निकाल कळवण्याच्या वाक्याला इंग्रजीत एक शेपूट जोडलेले होते. मी त्याचे मराठी ‘यथाशक्य’ असे केले. ताईंनी चष्मा काढला.

“यथाशक्य म्हणजे काय रे?”

“म्हणजे… शक्यतो.”

“म्हणजे जमलं तर. मग तसंच लिही.”

“अहो ताई, ऑफिशियल ड्राफ्टमध्ये ते बरं नाही दिसणार.”

“दिसायला कशाला हवं? पोटुशी बाई तो मासा खाते. पोटातल्या लेकराच्या मेंदूपर्यंत पारा जातो. तिला सांगायचं की नाही, तर म्हणे जमलं तर! आणि तू शब्दांना इस्त्री करत बसलास?”

प्रतीत ‘जमलं तर’ असेच गेले.

त्यांचा संताप एका शब्दापुरता नव्हता. या देशाने पिढ्यानपिढ्या कोळसा जाळला. त्या पाऱ्याला सरहद्दीवर कुणी अडवले नाही. इथली शेवटची चिमणी थंड झाल्यावर आपण हात धुऊन इतरांना स्वच्छतेचे धडे द्यायला बसलो. तिकडच्या अधिकाऱ्यांना यंत्रणेच्या उद्घाटनाची घाई. मासळीचे निकाल सांगण्याची मात्र मुळीच नाही. प्रत्येक कलमावर भांडलेले हे दोन्ही पक्ष त्या शेपटावर तत्काळ एकमत झाले होते. “दोस्ती बघ यांची,” ताई म्हणाल्या, “न सांगण्यावर कसे गळ्यात गळे!”

मग गावाबरोबर व्हिडिओवर बैठक झाली. ताईंनी मराठी प्रत वाचून दाखवली. पडद्यावर पुढेच बसलेल्या एका मासेमार बाईने विचारले, “अन् नाही जमलं तं?”

आमच्या गटाचे अध्यक्ष इंग्रज, अत्यंत सभ्य. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी इंग्रजीत म्हणालो, “पर्यायी व्यवस्थेविषयी त्या विचारत आहेत.”

ताईंचा हात टेबलावर आपटला. “खोटं!” पुढचे त्या इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलल्या. “ती विचारतेय, तुम्हांला नाही जमलं तर आम्ही पारा खात राहायचं का?”

मुद्दा ‘विचारार्थ’ ठेवण्यात आला. नंतर अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, तुमच्या ताई फार भावनावश होतात. मी मान हलवली. ते सौजन्य होते असे म्हणावे, तर ते नेमके कुणाशी, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. पुढच्या बैठकीला ताईंना बोलावले नाही. आणि ती होईपर्यंत त्या राहिल्याही नाहीत. थोड्याशा आजाराचे निमित्त झाले.

त्या बैठकीत पडद्यावर तीच मासेमार बाई होती. तिने आमच्याकडचे चेहरे एकेक करून निरखले.

“त्या बाई कुठं हायेत?”

‘त्या आता आपल्यात नाहीत’ हे तयार वाक्य माझ्या ओठांवर आले होते.

“वारल्या,” मी म्हणालो.

“मंग आता आमाले खरं कोन सांगन?”

“काय म्हणाल्या त्या?” अध्यक्षांनी विचारले.

मी सांगितले. एकही शब्द बदलला नाही. ते समोरच्या कागदांकडे पाहत राहिले, आणि मुद्दा पुन्हा विचारार्थ ठेवला गेला.

मासळी तपासून झाली आहे. निकाल इकडच्या कार्यालयात आहेत, तिकडच्याही कार्यालयात आहेत. गावात ते अजून पोचलेले नाहीत. तिथे आज संध्याकाळीही तलावातलीच मासळी शिजेल.