शिरगणतीतली रेघ

२६ फेब्रुवारी १९३१. या दिवशी हिंदुस्थानभर शिरगणती झाली. साक्षर कोण, याची व्याख्या तेव्हा ठरलेली होती: ओळखीच्या माणसाला पत्र लिहिता यावे आणि त्याचे आलेले उत्तर वाचता यावे.

बोरगावजवळच्या एका खेड्यातले शाळामास्तर भुजबली चौगुले यांना ही व्याख्या पाठ होती. शाळेतल्या चारही इयत्ता त्यांच्या एकट्याच्या अंगावर होत्या. जोडीचा मास्तर दिवाळीत बदलून गेला, त्याच्या जागी कोणी आलेच नाही. गावचे टपालही तेच पाहत. मार्चच्या आरंभी शाळातपासणी यायची होती आणि तिच्यासाठीचे तक्ते कोरेच होते. त्यात जानेवारीत शिरगणतीचे पुस्तक हाती आले. दारोदार जाऊन काळ्या शाईने माहिती भरायची, आणि अखेरच्या दिवशी लाल शाईने दुरुस्ती करायची.

काम वाढत गेले तसा मास्तरांचा हात जड होत गेला. शाळा सुटल्यावर ते दौत उघडून बसत, टाक पुसत, पुन्हा पुसत, आढ्याचे वासे मोजत. ताप असता तर लोकांना सांगता आले असते. ताप नव्हता. अंगात काहीच नव्हते, आणि हे 'काहीच नाही' कोणाला दाखवावे ते त्यांना समजत नव्हते.

शेवटी उरली बस्तीमागची गल्ली. जैनांच्या त्या मंदिरामागे एकोणीस घरे, सगळी भाऊबंदांची. नावे, वये, नाती मास्तरांना तोंडपाठ. फेब्रुवारीच्या एका दुपारी ते गल्लीत गेलेच नाहीत. शाळेतच बसून त्यांनी पुस्तक भरले. बायकांच्या अक्षरओळखीच्या रकान्यात पहिल्या नावापुढे 'निरक्षर' असे लिहिले, पट्टी ठेवली आणि वरून खालपर्यंत एकच रेघ ओढली. हात हलका झाला. त्या दिवशी त्यांना बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

२४ तारखेला टपालपेटीतली कार्डे काढून ते शिक्के मारत होते. एका कार्डावर शिक्का बसल्यावर त्यांचे लक्ष पत्त्याकडे गेले. कार्ड त्यांच्याच नावाचे होते. कडेला तंबाखूच्या बोटांचा तपकिरी डाग होता.

'भूजबली मासतर यास. आमच्या गलीत शीरगनती कवा. मला लीवता येत. यून ईचारा. ब्राह्मी.'

मजकुरात धड शब्द थोडेच होते. नाव मात्र अचूक होते, जोडाक्षरासकट. ते त्यांनीच शिकवले होते. अडीच वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात मास्तरांनी बस्तीत बायकांचा वर्ग काढला होता. पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, "आदिनाथांनी लिपी पहिल्यांदा कुणाला शिकवली? लेकीला, ब्राह्मीला. आणि आमची ब्राह्मीआक्का अंगठा उठवती!" व्यापाऱ्यांच्या वखारीत तंबाखू चाळणारी ती पन्नाशीची विधवा तोंडाला पदर लावून हसली होती. आधी तिचे नाव गिरवून झाले, मग मुळाक्षरांचा वर्ग 'झ'पर्यंत गेला. मग मास्तरांना कंटाळा आला. दिवाळीनंतर बघू, असे ते म्हणाले. त्यानंतर दिवाळ्या येऊन गेल्या.

घरी बसून लाल शाईने एक शब्द बदलता आला असता. कोणाला कळले नसते. पण आक्काने 'येऊन विचारा' असे लिहिले होते. पुस्तक काखेत मारून मास्तर निघाले.

ते आक्काच्या दारात पोचले तशी समोरच्या ओट्यावरून शेजारीण राजमती ओरडली, "आलं बाई शिरगणतीवालं! मला वाटलं, सरकारनं आमची गल्लीच पुसली!"

"गप गं," ब्राह्मीआक्का म्हणाली. "बस, मास्तर. पाणी घे. मिळालं न्हवं कार्ड?"

"मिळालं, आक्का. 'झ'च्या फुडचं कुणी शिकवलं?"

"पोत्यांवर व्यापाऱ्यांची नावं असत्यात की. ती बघून बघून." तिने हात पदराला पुसले. "आता इचार."

मास्तरांनी व्याख्या सांगितली. पत्र लिहिता यावे, उत्तर वाचता यावे.

"पत्र पोचलं. आता उत्तर लिव."

कार्डाच्या कोऱ्या जागेत मास्तरांनी लिहिले, 'कार्ड पोचले.' आक्काने ते डोळ्यांजवळ धरून अक्षर अक्षर लावले आणि परत दिले. "ह्ये उत्तर न्हाय. म्या इचारलंय, कवा."

मास्तरांनी टाक पुन्हा शाईत बुडवला. मग त्यांनी खाली एक ओळ लिहिली. आक्का मोठ्याने वाचू लागली, गल्लीला ऐकू जाईल अशी.

"न... ईचारता... लिहिले." ती थांबली. "काय लिवलंयस?"

मास्तरांनी पुस्तक उघडून पुढे केले.

"मला निरक्षर?"

"व्हय, आक्का."

"आन् मला?" राजमती ओटा उतरून आली होती. तिचे हसू गेले होते. "मला आक्कानं सा महिनं शिकवलंय."

आक्काने आपले नाव शोधले, मग त्याच्यापुढची रेघ. तिच्यावरून ती बोट फिरवत वरपासून खालपर्यंत गेली. गल्लीतल्या बायकांची चौतीस नावे.

"पट्टीनं मारलीस व्हय?" ती म्हणाली. "लई सरळ आलीया."

मास्तरांना आजारी आहे असे एकदा सांगावेसे वाटले. त्यांनी लाल शाईची दौत काढली, आक्काच्या नावापुढची रेघ छेदली आणि 'साक्षर' लिहिले. मग राजमतीला तिथेच, उभ्या उभ्या, एक ओळ वाचायला दिली आणि तिच्या नावापुढेही लिहिले.

"आता पलीकडच्या शालूबाईकडं जा," आक्का म्हणाली. "मग गल्लीच्या खालच्या टोकाला. दोन दीस हायत."

"जातो," मास्तर म्हणाले आणि पुस्तक मिटून उठले.

ते कार्ड आक्काच्या लेकीच्या घरी डब्यात राहिले. मास्तरांच्या दोन्ही ओळी त्यावर आहेत. मार्चच्या तपासणीचा शेराही मिळतो: 'शिक्षकाचे काम समाधानकारक.' शिरगणतीचे ते पुस्तक मात्र मिळत नाही. मास्तर शालूबाईच्या दारी गेले की तिथूनच परतले, हे कळत नाही. बस्तीतला वर्ग पुन्हा सुरू झाल्याची नोंद नाही, न झाल्याचीही नाही. रेघेखालच्या उरलेल्या बत्तीस बायकांपैकी किती जणींना वाचता येत होते, हे माहीत नाही.